एका नावाच्या दोन भाकऱ्या

पाऊस जाताना सांगून जात नाही. सकाळी सवयीने छत्री घेऊन निघावं, ती दिवसभर उगाच मिरवावी आणि संध्याकाळी घरी परतताना लक्षात यावं, की गेला वाटतं. दुसऱ्या दिवसापासून अंधेरीचं आभाळ पांढरंफटक पडतं. वारा पडतो. शर्ट पाठीला चिकटतो तो दिवाळीपर्यंत सुटत नाही. पुस्तकांतून ह्या दिवसांना शरद ऋतू म्हणतात आणि त्याच्या नावावर चांदणं, कमळं, निरभ्र आकाश असं बरंच काही जमा करून ठेवलेलं आहे. आमच्या मरोळच्या कारखान्यांच्या गल्लीत त्यातलं काही पोचत नाही. आमच्याकडे येतो तो सातविणीचा वास.

ही झाडं कोणी, कधी लावली कोण जाणे. वर्षभर त्यांच्याकडे कुणी बघत नाही. ट्रकवाले त्यांच्या बुंध्याला जुने टायर टेकवून ठेवतात. पण ऑक्टोबरात ती फुलतात आणि दिवस कलला की सगळी गल्ली त्या जड, गोडसर, डोकं धरायला लावणाऱ्या वासाने भरून जाते. आमच्या ऑफिसातल्या निम्म्या लोकांना त्या वासाने शिंका येतात. मला मिलिंद आठवतो.

"हा वास आला ना परब, की समज, दिवाळी आली आणि आपली वाट लागली," असं तो म्हणायचा. खरंच होतं ते. आम्ही दोघं बाटल्या भरायच्या मशिनांची डिझाइनं करायचो, शेजारी शेजारी बसून. आणि बाटल्या भरणारे तमाम लोक, मग ते खोकल्याचं औषध भरोत नाहीतर शेंगदाण्याचं तेल, वर्षभर निवांत असतात आणि नवरात्र बसलं की त्यांना मशीन दिवाळीच्या आत हवं असतं. मिलिंद हे बोलताना खिडकी उघडायचा, नाक भरून वास घ्यायचा आणि पुन्हा खुर्चीत येऊन बसायचा. मी खिडकी लावायचो. असं आमचं वर्षानुवर्षं चाललं होतं.

ह्या वर्षी वासाच्या आधी अनुष्का आली. आमच्याकडे नव्याने लागलेली इंजिनिअर. जुन्या सर्व्हरवरची सगळी ड्रॉइंग्ज नव्या सिस्टिममध्ये हलवायचं काम शेठनी तिला दिलं आहे. चुणचुणीत आहे, बोलायला फटकळ आहे, आणि मला सर म्हणते. एका सकाळी ती माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली.

"परब सर, भाकरी नावाची फाइल दोनदा आहे."

"आहे."

"नव्या सिस्टिममध्ये एका नावाची एकच चालते ना. एक उडवू? ती सजेस्ट करतेय, शेवटी सेव्ह झालेली ठेवा म्हणून."

"शेवटी सेव्ह झालेली कुठली?"

तिने हातातल्या टॅबवर बघितलं. "तुमची."

"मग थांब."

"थांबते. पण खंडेनवमीच्या आधी करा हां सर. एकदा शेठनी हार घातले, की ते कोणालाच हात लावू देणार नाहीत."

ती गेली. मी उठून खिडकी उघडली. वास अजून यायचा होता.

ज्यांचा ह्या कामाशी कधी संबंध आला नाही, त्यांना वाटतं, कॉम्प्युटरवर मशीन काढलं म्हणजे सगळं मशीन एका फाइलीत असतं. तसं नसतं. प्रत्येक पार्टची फाइल वेगळी. बोल्टची वेगळी, पट्टीची वेगळी. ह्या सगळ्यांना एकत्र जोडून जे मशीन उभं राहतं, त्याला असेंब्ली म्हणतात. गंमत अशी, की त्या असेंब्लीच्या फाइलीत एकही पार्ट नसतो. तिच्यात फक्त पत्ते असतात. अमका पार्ट अमक्या फोल्डरमध्ये राहतो, त्याचं भोक तमक्याच्या भोकासमोर यायला हवं, एवढंच तिला ठाऊक. आपण ती उघडली, की ती त्या त्या पत्त्यावर जाते, दार वाजवते आणि एकेकाला बोलावून आणते.

पार्टाने घर बदललं आणि असेंब्लीला कळवलं नाही, की ती जुन्याच दारावर थापा मारत बसते. मग स्क्रीनवर येतं: फाइल सापडत नाही, स्वतः शोधणार का? नाही म्हटलं, तर मशीन उघडतं, पण तेवढी जागा मोकळी राहते. आजूबाजूचे बोल्ट हवेत उभे दिसतात. कुणाला धरायचं होतं हे त्यांना पक्कं माहीत असतं. फक्त तो तिथे नसतो.

दुसरी भानगड नावांची. भाकरी नावाची एक फाइल उघडी असताना, दुसऱ्या कुठल्या भाकरीची गरज असलेलं मशीन उघडलं, की कॉम्प्युटर विचारतो: ह्या नावाची फाइल आधीच उघडी आहे, तीच घेऊ का? हो म्हटलं, की तो बिनदिक्कत एकाची भाकरी दुसऱ्याच्या मशीनमध्ये बसवून मोकळा होतो. त्याच्या लेखी नाव एक म्हणजे माणूस एक.

आता मशीनमध्ये भाकरी कुठून आली, ते सांगायला हवं.

आमच्याकडे पार्टांना नंबर असतात. पण खाली वर्कशॉपमध्ये नंबर कोणाच्या लक्षात राहत नाहीत, म्हणून पहिल्यापासून नावं ठेवायची पद्धत पडली. दोन बाटल्या एकदम आत घुसू नयेत म्हणून जो दांडा आडवा येतो, ती सासू. दोन पार्टांच्या मध्ये नुसताच बसून राहतो, काही करत नाही, पण काढला तर सगळं बिघडतं, तो जावई. फाइलींनाही हीच नावं. आणि मशीनच्या मधोमध फिरणारी गोल तबकडी, जिच्या कडेच्या खाचांमध्ये एकेक बाटली येऊन बसते आणि फिरत फिरत नळीखाली जाते, ती भाकरी. हे नाव मिलिंदने ठेवलं. एकदा ट्रायलच्या वेळी तबकडी अडकली, वरून तेल चालूच राहिलं आणि एकाच बाटलीवर धो धो पडलं. शेठ ओरडले, "हे काय झालं?" मिलिंद शांतपणे म्हणाला, "शेठ, भाकरी का करपली? न फिरवल्यामुळे." शेठना कोडं कळलं नाही. आम्ही मात्र तेल पुसत पुसत हसत होतो.

त्या दिवसापासून त्याने काढलेल्या तबकडीची फाइल भाकरी झाली आणि माझ्या तबकडीचीही. दोघांची फोल्डरं वेगळी, मशिनं वेगळी; तेव्हा कोणाला काय फरक पडणार होता? शिवाय दोघांच्या डब्यातही भाकरीच असायची. माझी तांदळाची, आईच्या हातची, पातळ आणि पांढरी. त्याची ज्वारीची. घाटकोपरला राहत असला तरी घर मूळचं जालन्याकडचं, आणि सुजाता वहिनींची भाकरी चांगली ताटाएवढी असायची, चौघडी करून डब्यात कोंबलेली.

"ही भाकरी आहे की हातरुमाल?" तो माझा डबा उघडून विचारायचा.

"आणि ही काय? गटाराचं झाकण?"

"खाऊन बघ, मग बोल. दुपारी झोप नाही येणार."

मग अर्धी माझी तो घ्यायचा, पाव त्याची मी. पावच, कारण त्याहून जास्त मला झेपायची नाही. जेवायची वेळ झाली, की तो 'जेवायला चल' असं कधी म्हणत नसे. माझ्या टेबलावर थाप मारायचा आणि म्हणायचा, "चल." त्याचा हा चल सगळीकडे चालायचा. विश्वास बसला नाही तरी चल, काम संपलं तरी चल, आणि कोणाचा राग आला तरी चल, फक्त जरा लांबवून. कुठला चल कशाचा, हे त्याच्या तोंडाकडे बघून कळायचं.

खंडेनवमीला आमच्याकडे अवजारांची पूजा असते. लेथला हार, ड्रिलला हार, पट्टीपाना-हातोड्यांना हळदकुंकू, आणि वरती आमच्या कॉम्प्युटरच्या स्क्रीनवर झेंडूच्या माळा. एकदा पूजा झाली, की दसरा उलटेपर्यंत कशालाही हात लावायचा नाही, हा शेठच्या वडिलांपासूनचा नियम. अवजारंही दमतात, त्यांना झोपू द्यावं, असं ते म्हणत. मिलिंद हळदकुंकवात नसायचा. त्यांच्या घरी दसऱ्याला पांढरे कपडे घालून विहारात जायचं, तो त्यांचा मोठा दिवस. पण आमच्या पूजेत त्याचा स्वतःचा एक वाटा होता. आदल्या दिवशी तो रंगाचा बारीक ब्रश घेऊन यायचा आणि ऑफिसातला प्रत्येक कीबोर्ड साफ करायचा. उलटा धरून टेबलावर आपटायचा आणि खाली पडलेला कोंडा मला दाखवायचा. "बघ, तुझे तांदूळ." एकदा मी म्हटलं, "तुला रे कशाला हा उपद्व्याप?" तर म्हणाला, "ज्याच्यावर पोट भरतं ते साफ ठेवावं. त्याला कुठला धर्म लागतो?"

मला सांगायचं आहे ते काही वर्षांपूर्वीच्या ऑक्टोबरबद्दल. तेव्हा तो तेलाच्या मशीनवर होता. बाटली पोटाशी फुगलेली आणि बुडाशी निमुळती. नेहमीच्या खाचेत ती उभीच राहीना, डुलायची. मिलिंदने भाकरी पहिल्यापासून काढायला घेतली. खंडेनवमीच्या सकाळीही तो तीच घेऊन बसला होता. शेठ हार घेऊन वर आले. "बंद करा, बंद करा सगळं."

"एक मिनिट शेठ."

"अरे, मुहूर्त जातो ना!"

त्या घाईत त्याने असेंब्ली सर्व्हरवर सेव्ह केली आणि भाकरी स्वतःच्या लॅपटॉपवर. एरवी ही चूक त्याने केली नसती. पण ऑफिसचे कॉम्प्युटर दोन दिवस माळा घालून झोपणार होते आणि त्याला संध्याकाळी घरी बसून खाचा पुऱ्या करायच्या होत्या. लॅपटॉप पिशवीत टाकत मला म्हणाला, "घरी पूर्ण करतो. माझ्या लॅपटॉपला कुठे कोणी हार घातलाय?" त्याच्या तोंडचं मी ऐकलेलं शेवटचं अख्खं वाक्य हे.

दसऱ्याच्या सकाळी मी बोरिवलीला माझ्या दाराला तोरण बांधत होतो. आईला जाऊन वर्ष झालं होतं. घरात मी एकटाच, पण तोरण बांधलं नाही तर शेजारचे विचारतात, म्हणून स्टुलावर चढलो होतो. तेवढ्यात फोन वाजला. सुजाता वहिनींचा होता. विहारात जायला सगळे निघाले होते, गल्लीच्या पायऱ्या उतरताना मिलिंद शेवटच्या पायरीवर बसला तो उठलाच नाही. उजवी बाजू गेली होती. वाचा गेली होती.

मी हॉस्पिटलात पोचलो तेव्हा वहिनी बाकावर बसल्या होत्या. त्या दिवसासाठी घेतलेली पांढरी साडी, तिची घडीसुद्धा अजून मोडली नव्हती. "बघा ना परबभाऊ," एवढंच त्या म्हणाल्या. काय बघायचं ते मलाही कळत नव्हतं. बाहेर रस्त्यावरून लोक एकमेकांना आपट्याची पानं देत चालले होते.

ऑफिस उघडलं. स्क्रीनवरच्या माळा सुकल्या होत्या. त्या काढल्या आणि मी माझ्याच कॉम्प्युटरवर मिलिंदचं तेलाचं मशीन उघडलं, कारण आता ते मलाच पूर्ण करायचं होतं. माझं खोकल्याच्या औषधाचं मशीन बाजूला उघडं होतं. प्रश्न आला, तो न वाचताच मी बटण दाबलं, आणि मिलिंदच्या मशीनमध्ये माझी भाकरी येऊन बसली. मधलं भोक बरोबर जुळलं, म्हणून कॉम्प्युटरने कुरकूरही केली नाही. पण तेलाच्या त्या गरगरीत बाटल्या माझ्या चिमुकल्या खाचांमधून आरपार गेलेल्या दिसत होत्या. बघवेना. मी माझं मशीन बंद केलं आणि त्याचं पुन्हा उघडलं. आता त्याच्या लॅपटॉपचा पत्ता शोधून शोधून ते थकलं आणि म्हणालं: भाकरी सापडत नाही, स्वतः शोधणार का?

शेठ मागे उभे होते. माणूस वाईट नाही. मिलिंदच्या हॉस्पिटलात ते रोज जाऊन येत होते. खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "नवीन काढ ना परब. एक तबकडीच आहे. मशीन दिवाळीआधी गेलं पाहिजे."

काढता आली असती. बाटली माझ्यासमोर होती, मापं होती, एका दिवसाचं काम होतं. पण मला ते करायचं नव्हतं. त्या मोकळ्या जागेत मी माझं काही काढून बसवलं असतं, तर मिलिंद आता येत नाही हे मीच पहिल्यांदा सांगितलं असतं. तो येणार होता. निदान त्या आठवड्यात तरी माझ्या मनात दुसरं काही मला येऊ द्यायचं नव्हतं. त्याची जागा मोकळी राहिली तरी चालेल, पण तिथे बसेल ती त्याचीच भाकरी, एवढं मी ठरवून टाकलं होतं. शेठना म्हटलं, "मिळवतो मी."

त्याला घरी सोडलं त्या दिवशी मी दुपारीच निघालो. मेट्रोतून असल्फ्याची टेकडी दिसते, अंगावर घरंच घरं घेऊन उभी असलेली. ऑक्टोबरच्या उन्हात सगळे पत्रे चकाकत होते. घाटकोपरला उतरून गल्लीच्या पायऱ्या चढताना मी शेवटची, म्हणजे खालून पहिली, पायरी ओलांडून पुढची गाठली. का, ते विचारू नका.

मिलिंद कॉटवर उशांना टेकून बसला होता. मला बघून त्याचं अर्धं तोंड हसलं. "चल," तो म्हणाला.

"तेवढंच बोलतात," वहिनी हळूच म्हणाल्या. "पाणी हवं तरी तेच, नको तरी तेच. डॉक्टर म्हणाले, कधीकधी एकच शब्द राहतो."

लॅपटॉप पिशवीतच होता, त्याने ठेवला तसाच. मी तो त्याच्या मांडीवरच्या ट्रेवर ठेवला आणि सुरू केला. लॅपटॉपने पासवर्ड मागितला. वहिनींना ठाऊक नव्हता. मी मिलिंदकडे बघितलं. त्याने डावा हात उचलला, आणि कोणी पासवर्ड टाकताना आपण मान वळवतो, तशी मी मान वळवली. समोर भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर होती, तिला दसऱ्याचा हार तसाच होता. मागे एकेक कळ वाजत होती, मध्ये मोठा खंड पडत होता, पुन्हा एक कळ. एकदा चुकलं. "चल!" तो चिडून म्हणाला. पुन्हा पहिल्यापासून.

भाकरी उघडली. काय सुंदर काढली होती! प्रत्येक खाच तळाशी हलकेच आत वळवलेली, बाटलीचं पोट तिच्यात टेकून बसावं, लेकरू मांडीवर बसतं तसं. सगळ्या खाचा झाल्या होत्या, फक्त एका खाचेची कड गोल करायची राहिली होती. म्हटलं, "ही मी करतो." त्याने मान हलवली. माऊस डावीकडे ओढून घेतला. बाण स्क्रीनभर भरकटत होता, कडेपाशी येत होता, निसटत होता. वहिनी म्हणाल्या, "राहू दे ना परबभाऊ, त्यांना त्रास होतोय." होत होता. कपाळावर घाम आला होता. पण मी त्याला थांबवलं नाही, आणि ते बरं केलं असं मला आजही वाटतं. शेवटी कड धरली गेली, गोल झाली. त्याने स्वतःच सेव्ह केलं. मग मागे टेकला, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "चल." हा काम संपल्याचा होता. तोंडाकडे बघून कळलं.

फाइल पेनड्राइव्हवर घेऊन मी उठलो, पण वहिनींनी मला जेवल्याशिवाय सोडलं नाही. ज्वारीची भाकरी आणि वांगं. पाव भाकरी खाऊन मी थांबलो, तर मिलिंद डाव्या हाताने माझ्या ताटाकडे दाखवत राहिला. मी अख्खी खाल्ली. जिन्याशी येईपर्यंत मी कसंबसं आवरून धरलं होतं. खाली पायऱ्यांवर मात्र माझा बांध फुटला, आणि घाटकोपरच्या त्या गल्लीत कोणी एकानेही मला काय झालं म्हणून विचारलं नाही, ह्याबद्दल मी त्या गल्लीचा ऋणी आहे.

मशीन दिवाळीआधी गेलं. मिलिंदची भाकरी आजही कुठल्यातरी तेलाच्या कारखान्यात फिरत असेल. तो मात्र आला नाही. म्हणजे एकदा आला, पुढच्या वर्षी, पूजेच्या आदल्या दिवशी, वहिनींचा हात धरून. आपल्या खुर्चीत बसला. खिशातून ब्रश काढला आणि डाव्या हाताने स्वतःचा कीबोर्ड साफ केला. बाकीचे मी केले. नंतर त्यांचं घर पुनर्विकासात गेलं आणि ते सगळे जालन्याला भावाकडे राहायला गेले. भाड्याच्या घराचे चार मजले त्याला चढवत नव्हते. त्याच्या खुर्चीच्या जागी आता प्रिंटर आहे. तो गरम झाला की त्याचाही एक वास येतो, पण तो काही घेण्यासारखा नाही.

एकटेपणाची तक्रार करायचं हे वय नाही, आणि तशी ती कोणाकडे करणार? ऑफिसात माणसं आहेत. पोरं चांगली आहेत. ती फोनवरून जेवण मागवतात, मला विचारतात, मी नको म्हणतो. कधी रविवारी वर्सोव्याला जातो. पाऊस संपलेला असतो, बांबूंवर बोंबील वाळत घातलेले असतात, पलीकडे मढला जाणारी होडी भरत असते. होडीवाला हाक मारतो, मी हात हलवून नाही म्हणतो. पलीकडे माझं काही काम नसतं. खरं तर अलीकडेही नसतं.

आणि एवढ्या वर्षांत ती एका नावाची भानगड मी सोडवली नव्हती. डिझाइनवाल्याला हे शोभत नाही. एक फाइल उघडून तिचं नाव बदललं की संपलं. पण मी ते केलं नाही. उलट ऑक्टोबरात एखादे दिवशी मुद्दाम माझी भाकरी उघडी ठेवायचो आणि तेलाचं मशीन उघडायचो. कॉम्प्युटर विचारायचा: ह्या नावाची फाइल आधीच उघडी आहे, तीच घेऊ का? मी म्हणायचो, नाही, त्याची आण. तो आणायचा. मिलिंद कोण, कुठे असतो, हे आता ऑफिसात कोणी विचारत नव्हतं. तेवढं एक यंत्र विचारायचं.

अनुष्का पुन्हा आली तेव्हा वास सुरू झाला होता. "सर, सिंपल आहे. त्यांची भाकरी एकाच मशीनमध्ये आहे. तिचं नाव बदला, दोन मिनिटांचं काम. तुमची बदलायची तर किती असेंब्ल्या उघडाव्या लागतील! सगळ्यांना नवीन नाव कळवायला लागेल ना."

"माझीच बदलणार."

"का पण?"

मी तिला सांगितलं. सगळं नाही, पण सांगितलं. हातातला टॅब तिने बंद केला. मग म्हणाली, "मी मदत करू?" मी नको म्हटलं. तिने राग मानला नाही.

नवरात्रातल्या दुपारी मी त्यात घालवल्या. जिथे जिथे माझी भाकरी होती, ते एकेक मशीन उघडायचं, तिला नवं नाव द्यायचं, सेव्ह करायचं. किती मशिनं मी विसरूनच गेलो होतो. सरबताचं, ज्याच्यासाठी आम्ही दोघं उन्हाळाभर नमुन्याचं सरबत प्यालो. ज्याच्या सासूचा दांडा मिलिंदने दुरुस्त केला होता, ते फिनेलचं. आई आजारी असताना त्यानेच अर्धं काढून दिलेलं, डोळ्यांच्या थेंबांचं. माझी म्हणून जी मशिनं होती, त्यातल्या कितीतरी ठिकाणी त्याचे पार्ट बसलेले निघाले. ते मी होते तसे ठेवले.

आज अष्टमी. दुपार होत आली तेव्हा शेवटचं मशीन सेव्ह झालं. सकाळी ब्रश घेऊन मी सगळे कीबोर्ड साफ केले होते. पोरांच्या कीबोर्डांतून वेफर्सचा चुरा निघाला. अनुष्काने स्क्रीनकडे बघून विचारलं, "तांदळाची? तांदळाची काय?"

"भाकरीच."

"आणि त्यांची?"

"त्यांची नुसती भाकरी."

ती बरं म्हणून जेवायला गेली. ऑफिस रिकामं झालं. मी माझी भाकरी उघडली, ती तशीच उघडी ठेवली आणि तेलाचं मशीन उघडलं. मशीन सरळ उघडलं. भाकरी आपल्या जागी, बाटल्या आपल्या खाचांमध्ये. कॉम्प्युटरने काहीही विचारलं नाही. काम चोख झालं होतं, आणि मला इतकं एकटं त्याच्या आजारपणातही वाटलं नव्हतं.

मी जालन्याला फोन लावला. दसऱ्याला लावतोच, ह्या वर्षी आधी लावला. वहिनींनी तब्येत विचारली, मी त्यांची विचारली, मग त्या म्हणाल्या, "देते हां," आणि फोन त्याच्या कानाला लावला. मला त्याचा श्वास ऐकू आला.

"मिलिंद, तुझी भाकरी आहे तिथेच आहे. तिचं नाव तेच. मी माझीच हलवली. ऐकतोयस ना रे?"

तो ऐकत होता. मागे कुठेतरी भांडं वाजलं. इथे खिडकीतून वास येत होता, दुपारचा, अजून कोवळा. समोर तोंड नव्हतं, म्हणून मी नुसता कान लावून थांबलो.

"चल," तो म्हणाला.

भिंतीवरच्या घड्याळात जेवायची वेळ झाली होती. मी डबा उघडला.